‘डिड नॉट वेंट’ येतं कुठून?

पाचवीच्या वह्या तपासताना एक वाक्य मला दरवर्षी भेटायचं. ‘आय डिड नॉट वेंट टू स्कूल.’ गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी ३३ वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि हे वाक्य नाही असा एकही वर्ग मला आठवत नाही. सुरुवातीची कितीतरी वर्षं मी ‘वेंट’खाली लाल रेघ मारायचे, वर ‘गो’ लिहायचे आणि वही परत द्यायचे. पुढच्या आठवड्यात तेच वाक्य पुन्हा यायचं. रेघ मारून चूक जात नाही हे कळायला मला वेळ लागला, आणि ती येते कुठून हे स्वतःला विचारायला त्याहून जास्त.

मराठीत आपण म्हणतो, ‘मी गेलो नाही’. क्रियापद भूतकाळातच राहतं, त्याच्यापुढे ‘नाही’ येतं. चौथीपर्यंत मराठीत शिकलेलं मूल इंग्रजीतही हेच करतं. ‘नाही’साठी ‘डिड नॉट’, ‘गेलो’साठी ‘वेंट’. इंग्रजीत काळाचं ओझं ‘डिड’ने एकदा उचललं की मुख्य क्रियापदाने ते उचलायचं नसतं, ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नसते. म्हणजे त्याने नियम मोडलेला नाही, पाळलेला आहे. फक्त तो नियम त्याच्या भाषेचा आहे.

माझ्या वर्गातली बहुतेक मुलं घरी कोकणी बोलायची आणि शाळेत मराठी लिहायची. एकदा असाच एक मुलगा दोन दिवसांनी शाळेत आला आणि दारातच म्हणाला, “टीचर, हांव काल येवंक ना.” हे वाक्य मी जन्मभर ऐकलंय, रोज बोलते. त्या दिवशी ते पहिल्यांदा व्याकरण म्हणून ऐकलं. ‘येवंक’मध्ये भूतकाळ नाही. काळ बदलायचा असेल तर ‘ना’ बदलतं, ‘येवंक नाशिल्लों’ होतं, पण ‘येवंक’ जसंच्या तसं राहतं. ‘डिड नॉट कम’चा सगळा सांगाडा या मुलाच्या जिभेवर आधीपासूनच होता. मी फळ्यावर तीन वाक्यं एकाखाली एक लिहिली: ‘मी गेलो नाही’, ‘हांव वचूंक ना’, ‘आय डिड नॉट गो’. मग विचारलं, यातली कुठली दोन बहिणी-बहिणी आहेत? वर्गाने एका दमात उत्तर दिलं. त्या वर्षी ती चूक नाहीशी झाली असं मी म्हणणार नाही, पण कमी झाली. मुलं एकमेकांच्या वह्या बघून सांगू लागली, “हांगा वचूंक जाय, वेंट न्हय.” म्हणजे इथे ‘वचूंक’ हवं, ‘वेंट’ नव्हे.

हे इतकं सविस्तर सांगण्याचं कारण असं की गोव्यात इंग्रजीच्या चुकांबद्दल बोलताना आपण दोनच गोष्टी करतो. हसतो, नाहीतर मुलाला आणखी लहानपणी इंग्रजी शाळेत घालतो. चुकेचं मूळ दोन्हींनी हलत नाही. ते मूळ घरातल्या आणि रस्त्यावरच्या भाषेत असतं, आणि ती भाषा इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलाच्या घरीही तीच असते. बालवाडीपासून इंग्रजी शाळेत गेलेली मुलंही मी पाचवीत शिकवली आहेत. त्यांचे उच्चार सफाईदार असायचे, बोलायला ती बुजायची नाहीत, आणि ‘डिड नॉट वेंट’ तीही म्हणायची. माझं म्हणणं असं की इंग्रजी शिकवणाऱ्याला मराठी-कोकणीचं व्याकरण नीट यायला हवं आणि ते वर्गात उघडपणे वापरायची त्याला मोकळीक हवी. आज आपण नेमकं उलट वागतो आहोत.

हसण्याबद्दल आधी बोलते, कारण ते मी घरात पाहिलं आहे. माझे वडील पोर्तुगीज काळात ‘सेगुंद ग्राव’ ही प्राथमिक शाळेची परीक्षा झालेले. गावातल्या लोकांना रेजिदोरकडून, म्हणजे गावच्या सरकारी अधिकाऱ्याकडून, आलेला कागद तेच वाचून दाखवायचे. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला आणि हळूहळू कचेऱ्या इंग्रजीत गेल्या. गावातला वाचता येणारा माणूस काही वर्षांत कागद घेऊन दुसऱ्याकडे जाणारा माणूस झाला. तरीही ते इंग्रजी शिकले, वयाच्या तिशीत, एका जुन्या पुस्तकावरून. एका अर्जात त्यांनी लिहिलं होतं की मी ‘ॲक्च्युअली’ अमुक गावात राहतो. कचेरीतल्या माणसाने तो अर्ज चार लोकांसमोर वाचून दाखवला आणि सगळे हसले. पोर्तुगीजमध्ये ‘आतुआलमेंत’ म्हणजे ‘सध्या’. वडिलांनी एका भाषेतून दुसरीत जाताना तोच शब्द धरला, आणि तो तिथे ‘खरं पाहता’ झाला. दोन भाषांमध्ये उभ्या असलेल्या माणसाचीच ही चूक आहे. हसणाऱ्यांपैकी एकालाही पोर्तुगीज येत नव्हतं. त्यानंतर वडिलांनी स्वतःच्या हाताने इंग्रजी अर्ज कधी लिहिला नाही.

आता दुसरी गोष्ट. माझ्या भाचीच्या शाळेत वर्गात कोकणी किंवा मराठी बोललं तर दंड भरावा लागत असे. पालकसभेत कारण सांगितलं गेलं की त्याशिवाय मुलांचं इंग्रजी सुधारणार नाही. गोव्यात हे नवं नाही. १६८४ साली इथल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं होतं की लोकांनी तीन वर्षांच्या आत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. भाषा गेली नाही. ती घरात, देवळात, शेतात राहिली, फक्त जिथे लिहायचं-वाचायचं तिथून तिला बाहेर काढलं गेलं. शाळेतल्या दंडाने हेच होतं. मूल घरची भाषा विसरत नाही. तिच्याकडे बघून विचार करायचं मात्र सोडून देतं.

या फर्मानाच्या शंभरेक वर्षं आधी, १५७९ साली, थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री गोव्यात आला. त्याने मराठीत ख्रिस्तपुराण लिहिलं हे पुष्कळांना माहीत असतं. त्याने इथल्या भाषेचं, कोकणीचं, व्याकरणही लिहिलं, आणि त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली ते राशोलला छापलं गेलं. छापून निघालेलं भारतीय भाषेचं ते पहिलं व्याकरण मानलं जातं. तो हे कसं शिकला, याचं उत्तर त्या व्याकरणाच्या रचनेतच आहे. त्याला येत होतं ते लॅटिन व्याकरण त्याने शेजारी ठेवलं आणि नामाच्या विभक्ती, क्रियापदाचे काळ त्या चौकटीत लावून पाहिले. तिशीतला हा हुशार इंग्रज परकी भाषा शिकताना स्वतःला येणाऱ्या भाषेचा आधार घेतो, आणि दहा वर्षांच्या आपल्या पोराला आपण तोच आधार घेतल्याबद्दल दंड करतो.

प्रत्यक्ष चुकांकडे येते, कारण या वादात चुका प्रत्यक्ष बघायचंच राहून जातं.

‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स.’ मराठीत ‘हॅव’साठी क्रियापदच नाही. आपण ‘आहे’वर सगळं भागवतो, पण ते किती बारकाईने! मला दोन भाऊ आहेत. माझ्याकडे पैसे आहेत. माझ्याजवळ छत्री आहे. माझ्यात ताकद आहे. माझं घर आहे. माणसाचं नातं, हाताशी असलेली वस्तू, अंगातला गुण आणि मालकी, प्रत्येकाची वाट वेगळी. इंग्रजी या पाचही ठिकाणी ‘हॅव’ चालवते. मुलाच्या मनात ‘आहे’ असतं म्हणून ‘ॲम’ घुसतो आणि ‘हॅव’लाही सोडवत नाही. ‘तुझ्या पाच वाटा इंग्रजीत एकाच रस्त्याला मिळतात’ हे एकदा दाखवलं की मुलाला ते पटतं. शिवाय आपल्या भाषेत काहीतरी जास्त आहे हेही त्याला कळतं, आणि दहा वर्षांच्या मुलासाठी ही लहान गोष्ट नाही.

‘अ’ आणि ‘द’ यांचा गोंधळ तर आयुष्यभर सुटत नाही. शिक्षक सांगतात, मराठीत हे नाहीच, तेव्हा पाठ करा. मराठीत ते शब्द नाहीत हे खरं, पण ती जाणीव मराठीत आहे. ‘मी मुलगी पाहिली’ म्हटलं की लग्नाची बोलणी चालली असावीत, आणि कुठली मुलगी हे ऐकणाऱ्याला अजून ठाऊक नाही. ‘मी मुलीला पाहिलं’ म्हटलं की ती मुलगी दोघांच्याही ओळखीची. इंग्रजी जे काम ‘द’कडून करून घेते, ते इथे आपला ‘ला’ करतो आहे. नववीच्या वर्गात मी हे उदाहरण द्यायचे तेव्हा मुली आधी लाजायच्या आणि मग फळ्याकडे टक लावून बघायच्या. पाठांतराने जे तीन वर्षांत झालं नव्हतं त्याला तिथून सुरुवात व्हायची.

‘सिन्स टू इयर्स’चं मूळ ‘पासून’मध्ये आहे. ‘दोन वर्षांपासून’ आणि ‘२०१५पासून’ यांत आपण फरक करत नाही, इंग्रजी करते. ‘डिस्कस अबाउट’मध्ये ‘विषयी’ आहे, ‘मॅरीड विथ’मध्ये ‘शी’, ‘अँग्री ऑन’मध्ये ‘वर’. ‘आय ॲम हिअर ओन्ली’मधला ‘ओन्ली’ म्हणजे आपला ‘च’.

चुकांना काही महत्त्वच नाही, अर्थ कळला म्हणजे झालं, असं म्हणणारे लोक मला भेटतात. त्यांच्याशीही मी सहमत नाही, कारण काही ठिकाणी अर्थ कळतच नाही. ‘पर्यंत’ घ्या. ‘सोमवारपर्यंत थांबा’ आणि ‘सोमवारपर्यंत अर्ज द्या’, दोन्हींकडे एकच शब्द. इंग्रजीत पहिल्याला ‘टिल’, दुसऱ्याला ‘बाय’. ‘सबमिट टिल मंडे’ असं लिहिलं तर वाचणारा बुचकळ्यात पडतो. नोकरीच्या अर्जात ‘आय वर्क्ड देअर फॉर टू इयर्स’ लिहिणारा आपल्या मनाने अजून तिथेच कामावर असतो, आणि मुलाखत घेणारा समजतो की याने ती नोकरी सोडली.

सगळ्यात धोक्याची चूक ‘येस’ आणि ‘नो’मध्ये आहे, आणि ती कुठल्याही वर्गात शिकवली जात नाही. ‘तू जेवला नाहीस?’ असं विचारलं तर आपण म्हणतो, ‘हो, नाही जेवलो.’ आपला ‘हो’ विचारणाऱ्याच्या म्हणण्याला असतो. इंग्रजीत तिथे ‘नो’ लागतो, कारण इंग्रजी उत्तर वस्तुस्थितीला दिलं जातं. माझ्या सासूबाईंचा दात काढायचा होता. बाहेरून आलेल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, ‘यू आर नॉट टेकिंग एनी ब्लड थिनर?’ सोबत गेलेली पुतणी म्हणाली, ‘येस.’ तिला म्हणायचं होतं, हो, रक्त पातळ करणारी गोळी घेत नाहीत. डॉक्टरांनी ऐकलं की घेतात. दात काढणं आठवडाभर लांबलं, आणखी एक तपासणी झाली. उलट घडलं असतं तर? पुतणी पदवीधर आहे, तिचं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं आहे.

माझा एक जुना विद्यार्थी जहाजावर आहे. त्याच्याकडून मला कळलं की समुद्रावर या प्रश्नाचा विचार आपल्या शाळांपेक्षा जास्त गांभीर्याने झाला आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली जहाजांवरच्या संवादासाठी ठरावीक इंग्रजी वाक्यांचा संच मंजूर केला. त्यात ‘मे’, ‘माइट’, ‘शुड’, ‘कुड’ टाळायला सांगितलं आहे, कारण त्यांचे अर्थ निसटते. ‘दीडशे’ हा आकडा ‘वन-फाइव्ह-झीरो’ असा सुटा बोलायचा. ‘येस’ किंवा ‘नो’ एवढंच म्हणून थांबायचं नाही, पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं. फिलिपिन्सचा खलाशी, पोलंडचा अधिकारी आणि गोव्याचा तारवटी यांचं इंग्रजी तीन जागचं असतं, आणि तिथे चूक झाली तर जहाज खडकावर जातं. म्हणून त्यांनी उच्चारांची उठाठेव केली नाही. अर्थ कुठे फुटतो तेवढं शोधलं आणि ती जागा बांधून घेतली. गोव्यातली इतकी घरं जहाजाच्या पगारावर उभी आहेत, पण ही दृष्टी मात्र आपल्या शाळांपर्यंत अजून आलेली नाही.

‘पगार’ शब्द निघालाच आहे तर सांगते. पोर्तुगीजमध्ये ‘पगार’ हे क्रियापद आहे, ‘पैसे देणे’. आपल्या पूर्वजांनी ते नाम समजून उचललं आणि आज महाराष्ट्रापासून गोव्यापर्यंत सगळे महिनाअखेरीला त्याची वाट बघतात. पोर्तुगीज व्याकरणाच्या दृष्टीने ती चूक होती. इंग्रजीचंही असंच झालं आहे. ‘एप्रन’ हा शब्द मुळात ‘नेप्रन’ होता. ‘अ नेप्रन’ बोलता बोलता ‘ॲन एप्रन’ झाला. ‘यू’ आधी अनेकांसाठी आणि आदरासाठी होतं, एकट्या माणसाला ‘दाऊ’ म्हणत. मग आपल्या ‘तुम्ही’सारखं ते पसरत गेलं आणि ‘तू’ला गिळून बसलं. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय येऊ नये, हा आमच्या वेळच्या शिक्षकांचा लाडका नियम. जॉन ड्रायडन यांनी १६७२ साली तशी हरकत घेतली आणि पुढे शाळांनी ती उचलून धरली. लॅटिनमध्ये तसं चालत नाही, इंग्रजीत मात्र लोक शेकडो वर्षं तसं बोलत आले होते. अशा नियमांसाठी मुलांचे गुण कापणं आता तरी थांबवायला हवं. ‘कझिन ब्रदर’ला चूक म्हणायलाही मी तयार नाही. ज्या समाजात मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ आणि चुलतभाऊ हे चार वेगळे लोक आहेत, तिथे नुसतं ‘कझिन’ म्हणून भाऊ की बहीण हेही न सांगणं अपुरं वाटणारच. ‘प्रीपोन’ तर आता ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही आहे.

गोव्यात माध्यमाचा वाद तीन दशकांहून जास्त चालला आहे. १९९०च्या सुमारास ठरलं की सरकारी अनुदान फक्त मराठी-कोकणी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना मिळेल. २०११ साली इंग्रजी माध्यमालाही ते द्यायचं ठरलं आणि लोक रस्त्यावर उतरले. मी स्वतः त्या सभांना गेले आहे. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण व्हावं हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. पण आमच्या बाजूनेही एका प्रश्नाला कधी नीट उत्तर दिलं नाही. चौथीपर्यंत मराठीत किंवा कोकणीत शिकलेलं मूल पाचवीत जातं आणि बहुतेक सगळीकडे गणित, विज्ञान, भूगोल एका रात्रीत इंग्रजी होतात. ‘अपूर्णांक’ अचानक ‘फ्रॅक्शन’ होतो. त्या उडीसाठी मुलाच्या हातात आपण काय दिलं? पालक घाबरतात ते या उडीला, आणि त्यांची भीती खरी आहे. ती भीती मातृभाषेच्या गौरवाची भाषणं देऊन जात नाही.

माझी मागणी साधी आहे. पाचवीचे पहिले तीन महिने रोज एक तास दोन्ही भाषा शेजारी ठेवून शिकवावं. इंग्रजीच्या शिक्षकाची निवड करताना त्याला मराठी किंवा कोकणीच्या विभक्ती आणि काळ समजावून सांगता येतात का, हे बघावं, बी.एड.च्या अभ्यासक्रमात त्याला जागा द्यावी. कोकणी-मराठीतून समजावलं तर मुलं इंग्रजी बोलणारच नाहीत, असं सहकारी म्हणायचे. माझ्या तासाला चाळीसपैकी दहा मिनिटं आपल्या भाषेची असायची आणि तीस इंग्रजीची. त्या तीस मिनिटांत मुलं जास्त बोलायची, कारण आपण काय करतो आहोत हे त्यांना माहीत असायचं.

एक हरकत मात्र मला खरोखर अडवायची. आता डिचोलीच्या वर्गात सगळी मुलं कोकणी-मराठी घरांतली नसतात. खाणींवर, बांधकामांवर कामाला आलेल्या कुटुंबांची मुलं कन्नड बोलतात, काही हिंदी. त्यांच्यासाठी ‘वचूंक ना’ हीसुद्धा परकीच. निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी अशीच एक मुलगी शेवटच्या बाकावर बसायची, महिनाभर एक शब्द न बोलता. मी फळ्यावर माझी नेहमीची तीन वाक्यं लिहिली आणि या वेळी तिला विचारलं, तुझ्या घरी कसं म्हणतात? बराच वेळ ती गप्प होती. मग हळूच म्हणाली, “होगलिल्ला.” मला कन्नड येत नाही. मी तो शब्द फळ्यावर लिहिला आणि खडू तिच्या हातात दिला, यात ‘जाणं’ कुठे आहे आणि ‘नाही’ कुठे, ते दाखव म्हणून. तिने मध्ये एक उभी रेघ ओढली. एका बाजूला ‘होगल’, दुसऱ्या बाजूला ‘इल्ला’. पुढच्या बाकावरचा एक मुलगा ओरडला, “टीचर, हें आमच्या वचूंक ना कशेंच!” तिने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं, आणि मग ‘डिड नॉट’ आणि ‘गो’ यांच्यामध्येही तशीच एक रेघ ओढली.